धाकटा पांढरकपाळ्या

३ डिसेंबर

वहिनींना नमस्कार.

आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, बाकीचं मागाहून. सासूबाईंचा खोकला कसा आहे? रात्री उशी उंच करून देता ना? त्यांचा डावा कान अजून कामावर आहे, की तोही उजव्यासारखा रजेवर गेला? लेकीची पाठ काय म्हणते? तिला सांगा, कचेरीत खुर्ची बदलून माग, लाजत बसू नकोस. जावईबापूंचं पित्त? नातीचे पुढचे दात आले का, की अजून शिट्टी वाजवत बोलते? आणि तुम्ही? तुमचं मुद्दाम शेवटी विचारतोय, कारण ‘मी बरी आहे’ एवढं म्हणून तुम्ही पुढं सरकता. ते चालायचं नाही. जेवण जातं का, झोप लागते का आणि गुडघ्याची सूज उतरली का, ही तिन्ही उत्तरं वेगवेगळी हवीत.

मास्तर गेले त्याला महिना होत आला आणि मी इथं मुलाच्या घरी मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन पडलेलो. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. डॉक्टर म्हणतात, हाड जुळतंय. सूनबाई म्हणते, डॉक्टरांसमोर तुम्ही शहाण्यासारखं वागता, मग घरी काय होतं? तिचंही बरोबर आहे. खिडकीतून दिसतात ती पार्किंगमधली कबुतरं, आणि तीही मी दुर्बीण लावून बघतो.

काल बसल्याबसल्या आठवत होतो. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि माझं टेलरिंगचं दुकान शाळेच्या फाटकासमोर. एक दिवस कोट घेऊन आले आणि म्हणाले, याला आतून एवढा मोठा खिसा लावा. मी म्हटलं, मास्तर, यात काय मांजर ठेवणार? त्यांनी दुर्बीण काढून दाखवली. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर तलावावर होतो, आणि नंतर कुठलाच हिवाळा चुकला नाही. हा पहिलाच.

रानहंस आले असतील. तलावाच्या बाजूला जाणं होतं का कधी? जमेल तसं, पण लिहा. पत्राची वाट बघतो.

तुमचा,
टेलर


१५ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. कान रजेवर गेला हे ऐकून हसल्या. म्हणाल्या, त्या शिंप्याला सांग, त्याची जीभ मात्र अजून भरपगारी आहे. खोकला कमी आहे. लेकीनं खुर्ची मागितली आणि मिळाली. जावई पित्तावर गोळ्या घेतात, त्यावर पुन्हा तळलेलं खातात. नातीचा एक दात आला, तोही तिरका. माझं म्हणाल तर जेवण जातं. गुडघा आहे तसाच. झोप लागत नाही.

का लागत नाही ते तुम्हालाच लिहिते. लेकीला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, दर हिवाळ्यात हे त्या एका पाखराच्या मागे असत. पांढऱ्या कपाळाच्या हंसांच्या दोन जाती, त्यातला थोरला नेहमी येतो, धाकटा मात्र आपल्या तलावावर कुणीच पाहिला नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. त्या दिवशी सकाळी वारा बोचरा होता. छातीत जडजड वाटतंय म्हणून दोन दिवस घरात होते, तरी निघाले. मी दारात उभी राहिले. ऐकेनात. मग मी चिडून म्हटलं, जा, पण आज धाकटा दिसल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. हसले आणि गेले.

जेवायच्या वेळेला यायचे, ते आले नाहीत. पंपघराच्या रखवालदाराला ते भिंतीला टेकून बसलेले सापडले, तेव्हा उन्हं कलली होती. एरवी इतका वेळ थांबत नसत. भाऊजी, त्या दिवशी का थांबले? मी म्हटलं म्हणून थांबले का? हा एकच प्रश्न माझ्या उशाशी असतो.

परवा लेकीनं कॅमेऱ्यातले फोटो छापून आणले. शेवटचे सगळे एकाच पाखराचे आहेत. राखाडी कलहंसांच्या घोळक्यात ते एकटंच आहे. कपाळावर पांढरं, आणि एका फोटोत डोळ्याभोवती पिवळसर काहीतरी दिसतं. मला त्यातलं काही कळत नाही. पाकिटात घातलेत. ते धाकटं आहे का, एवढं सांगा. असेल तर त्यांचं काम झालं होतं, घरी यायला मोकळे होते, वेळ आली आणि गेले, असं तरी मला म्हणता येईल. नसेल तर...

तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

तुमची वहिनी


९ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, रागवू नका. मध्ये ताप आला होता, मग सूनबाईनं चष्मा कुठंसा जपून ठेवला, इतका जपून की तिलाच सापडेना. असो.

फोटो पाहिले. धाकटाच आहे. मनात काही ठेवू नका.

आपल्या पाखरूवाल्या मंडळाचे दातवाले डॉक्टर दर वर्षी हिवाळी यादी काढतात, ती तुम्ही पाहिली असेलच. अशा दुर्मीळ पाखराला दुसऱ्या एका जुन्या माणसाची साक्ष लागते. ती मी लिहून धाडली. यंदाच्या यादीत मास्तरांचं नाव लागेल, तलावावरचा पहिला धाकटा म्हणून. डॉक्टरांनी फोनवर फार खोदून विचारलं नाही. म्हणाले, टेलर, तुम्ही म्हणता तर प्रश्नच नाही.

तेव्हा आता झोपत जा. सासूबाईंना म्हणावं, भरपगारी जिभेला इथं सून वेसण घालते आहे. मी आता काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि तिथून हाकलला जातो. नातीच्या तिरक्या दाताची काळजी नको, जागा मिळाली की सरळ होतो. लिहा लवकर.

तुमचा,
टेलर


२० जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दुपारी जी झोपले, ती सासूबाईंनी हलवून उठवलं तेव्हा जागी झाले. त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, काही नाही, मास्तरांना धाकटा दिसला होता. त्या म्हणाल्या, मग घरी येऊन सांगायचं नाही का त्यानं? आणि आम्ही दोघी रडलो. पण ते रडणं वेगळं होतं. हलकं वाटलं.

आता एक गंमत सांगते. मी तलावावर गेले. वाटलं, इतकी वर्षं ज्याच्यावरून भांडले, ते आहे तरी काय ते बघून यावं. कोट त्यांचाच घातला. दुर्बीण डोळ्याला लावली तर मला माझ्याच पापण्या दिसल्या, केरसुणीसारख्या. रखवालदार लांबून बघत होता. शेवटी येऊन म्हणाला, बाई, चष्मा आहे ना तुम्हाला, मग ते मागचं रबर दुमडा. दुमडलं, आणि एकदम एक हंस इतका जवळ आला की मी मागं सरकले.

मग रोजच जायला लागले. घरात बसवत नाही. पण सगळे मला सारखेच दिसतात. कलहंस ओळखू येतो, तो मोठा आणि चोच नारिंगी. पण पांढरकपाळ्यांतला धाकटा कसा ओळखायचा? यांनी त्या दिवशी काय पाहिलं, ते मला एकदा नीट कळू द्या. तुम्ही शिकवा. मी हंसाला ‘बदक’ म्हटलं की हे चहा अर्धा टाकून उठायचे, तुम्ही तेवढं करू नका.

तुमची वहिनी


२८ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

पापण्यांचं सूनबाईलाही वाचून दाखवलं, ती हसत सुटली. मास्तरांना आमच्या मंडळात कुणी ‘बदक’ म्हटलेलं चाललं नाही, तुम्हीच एकट्या त्यातून सुटलात.

शिकवतो. पण सगळ्याच खुणा सांगत नाही, नवं माणूस गोंधळतं. दोन पुरे. पहिली कपाळाची. थोरल्याचं पांढरं म्हणजे चोचीच्या मुळाशी शिवलेली पट्टी, तिथंच थांबते. धाकट्याचं वर चढतं, दोन डोळ्यांच्या मधून थेट टाळूकडं, टोपी मागं सरकल्यासारखं. दुसरी डोळ्याची. धाकट्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. मास्तरांच्या फोटोत ते आहे, तुम्हालाही दिसलं. पिल्लांच्या कपाळाला पांढरं नसतं, म्हणून पिल्लांच्या नादी लागू नका.

आणि फार वेळ उभं राहू नका. गुडघा तुमचा आहे, तलाव कुठं पळत नाही. ऊन वर आलं की घरी या. सासूबाई एकट्या असतात. आता थोडे दिवस गेलात, हौस झाली, पुरे झालं. डोळ्यांनाही ताण पडतो. खुशाली लिहीत राहा, उत्तराला वेळ लावू नका.

तुमचा,
टेलर


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

सगळे बरे आहेत. सासूबाई, लेक, जावई, नात, सगळे. आता माझं ऐका.

काल सकाळी पंपघराच्या पलीकडं, जिथं पाणी ओसरून कोवळं गवत आलंय, तिथं पांढरकपाळ्यांचा थवा चरत होता. आता मला त्यांची सवय झालीय. कोण भांडकुदळ आहे, कोण लंगडतो, मला कळतं. त्यांच्यात एक लहानसा होता. मला वाटलं, पिल्लू. पण पोटावर काळे पट्टे होते आणि पिल्लाला पट्टे नसतात, एवढं इतक्या दिवसांत माझं मीच पाहिलं होतं. मग त्यानं मान वर केली.

तुम्ही सांगितलं होतं तसंच, टोपी मागं सरकल्यासारखं. डोळ्याभोवतीचं पिवळं असं, की कुणी मुद्दाम रंगवून बसवावं. पण तुम्ही न सांगितलेलं जास्त दिसलं. चोच आखूड, गुलाबी, लहान मुलाच्या चोचीसारखी. मुलाला चोच नसते, मला कळतं, पण तसंच वाटलं. बाकीचे सावकाश चरत होते आणि हा घाईघाईनं, टिपटिप टिपटिप, जणू कुणी ताट ओढून नेणार आहे. आणि पंख मिटलेले असताना त्यांची टोकं शेपटीच्याही मागं गेलेली, मापापेक्षा लांब कोट घातल्यासारखी. तुम्ही टेलर आहात भाऊजी, तुम्हाला ही लांबी दिसली नसेल?

मी वळले. ‘अहो’ म्हटलं. मागं भिंत होती.

मग तिथंच खाली बसले. रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, पुन्हा तसंच काही झालं. मी त्याला म्हटलं, काही नाही रे, पाखरू दिसलं. तो म्हणाला, पाखरू दिसल्यावर कुणी असं रडतं का?

घरी येऊन फोटो काढले. मला आता भिंग लागत नाही. चोच लांब आहे. पंख शेपटीवर येऊन थांबलेत. कपाळाचं पांढरं वर चढल्यासारखं दिसतं, कारण त्यानं मान खाली घातलीय आणि वरून ऊन पडलंय. पिवळं म्हणाल तर दोरा आहे दोरा, कडं नाही. परवा तसा दोरा मी एका थोरल्याच्या डोळ्याभोवतीही पाहिला. तो थोरला आहे. नेहमी येणारा, साधा थोरला.

तुम्हाला फोटो बघताक्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणून पत्राला उशीर झाला, चष्मा हरवला म्हणून नव्हे. मला शिकवतानाही चोच आणि पंख तेवढे वगळलेत. आणि मग घरी बसा, हौस झाली, म्हणालात.

मी रागावले नाही असं लिहिलं होतं, ते खोडलं. रागावले आहे. महिनाभर झोपले मी तुमच्या त्या एका ओळीवर.

नोंद काढून टाका. यांना एक पाखरू चुकीचं लिहिलेलं खपत नव्हतं. स्वतःच्या नावावर तर नाहीच नाही. एकदा म्हणाले होते, चुकीचं पाखरू यादीत गेलं की खरं आलं तरी त्याला कोणी विचारत नाही. मी तेव्हा भाजी निवडत होते, लक्ष दिलं नाही.

आणि मी त्या दिवशी जे बोलले, ते माझं आहे. तुम्ही ते माझ्याकडून काढून घ्यायला गेलात, चांगल्या मनानं गेलात, ते मला कळतं. पण ते माझ्यापाशीच राहू द्या. शेवटचं बोलणं तेच झालं आमचं. दुसरं नाही माझ्याकडं.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

खुशाली विचारायला आज हात उचलत नाही, तरी विचारतो. कशा आहात?

तुमचं सगळं खरं आहे. पाकिटातून पहिला फोटो बाहेर आला आणि थोरला आहे हे कळलं. त्याच दिवशी तसं पत्र लिहिलं होतं. पण तुमचं ‘नसेल तर’ आणि त्यापुढची ती टिंबं पाहिली, आणि ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. सूनबाईनं केराची टोपली पाहिली आणि म्हणाली, बाबा, इतका कागद कशाला वाया घालवता, फोन करा ना. फोनवर माझ्यानं खोटं बोलवलं नसतं. खरंही बोलवलं नसतं. मला वाटलं होतं, वहिनी दोन दिवस तलावावर जातील, पाय दुखतील, कंटाळतील. तिथं मी चुकलो. इतकी वर्षं मास्तरांच्या घरात राहिलेलं माणूस बघायला बसलं की किती बघेल, हे मला कळायला हवं होतं. मास्तर स्वतः चोच आणि पंख बघायला शिकले तेव्हा दोन हिवाळे गेले होते.

डॉक्टरांना काल फोन केला. सांगितलं, माझी साक्ष खोटी होती, नोंद खोडा. ते मग म्हणाले, खोडतो. कारण विचारलं नाही. यापुढं माझी साक्ष धरू नका, हे मीच सांगितलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं आहे. मास्तर त्या दिवशी का थांबले, मला माहीत नाही. हे तेव्हाच लिहायला हवं होतं. छातीत कळ आली म्हणून टेकले असतील. थोरल्याच्या डोळ्यात तो पिवळा दोरा दिसला, म्हणून पुन्हा पुन्हा बघत बसले असतील. तुम्ही म्हणालात म्हणून थांबले असतील, हेही मी नाही म्हणू शकत नाही. एक मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कारण दर वेळी मी बरोबर होतो. ‘धाकटा दिसल्याशिवाय घरी येऊ नका’ हे तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला नव्हतात. दर हिवाळ्यात म्हणायचात. मास्तर तलावावर आले की मला सांगायचे, आज पुन्हा घरातून हद्दपार झालोय. आणि दर वेळी धाकटा न बघताच जेवायला घरी पोचायचे. मी चिडवायचो, अहो, हुकूम मोडताय. म्हणायचे, मोडला नाही तर ती जेवायची थांबते.

यानं तुमचं काही हलकं होईल असं नाही. पण हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

तुम्हाला दिसलेला धाकटा त्या दिवशीही तिथंच कुठं असेल, मास्तरांनीही त्याला लांबून पाहिला असेल, असं लिहायला हात शिवशिवतोय. लिहीत नाही. मला माहीत नाही, आणि आता माहीत नसलेलं मी तुम्हाला काही लिहिणार नाही.

तुमचं बोलणं तुमच्यापाशी राहू द्या. मी पुन्हा हात लावणार नाही.

डॉक्टरांनी एक निरोप दिलाय. पाखरू खरंच आलं असेल, तर ते यादीत लागलं पाहिजे. बघणाऱ्यानं काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. मी म्हटलं, त्या देणार नाहीत. आणि दिलंत नाही तरी मी आग्रह करणार नाही. पण वहिनी, यादी राहू द्या बाजूला. तुम्ही वळलात, ‘अहो’ म्हणालात आणि मागं भिंत होती. त्यापुढं मास्तरांना जे सांगणार होतात, ते कुणीतरी ऐकायला हवं. ते मला लिहून पाठवा. पाखरं आता कधीही उत्तरेकडं निघतील, आणि एकदा निघाली की बघितलेलंही पुसट होत जातं. तेव्हा आजच बसा, आणि लवकर लिहा.

तुमचा,
टेलर